‘फेब्रुवारी’चा डावा भाग

गॅलरीच्या दारावर चिकटवलेला कागद मी दोनदा वाचला. एकदा वाचून जे कळलं, ते सरांना सांगायची हिंमत नव्हती.

“काय म्हणतोय?” काटकर सरांनी विचारलं. थंडी उणे अठरा होती. सरांच्या डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, अंगात दोन स्वेटर आणि या सगळ्यावर खांद्यावरून घेतलेलं काळं घोंगडं. त्यातून तोंडाच्या जागी वाफ येत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, चहाची किटली गार होऊ नये म्हणून कुणीतरी गुंडाळून ठेवलीय.

“बंद आहे, सर.”

“आज गुरुवार. सोमवारी बंद असतं, असं तूच म्हणालास.”

“सोमवारी असतंच. शिवाय महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी साफसफाईचा दिवस असतो. आज शेवटचा गुरुवार आहे.”

“मग उद्या?”

“उद्या उघडं आहे.”

“उद्या दुपारी माझं मॉस्कोहून विमान आहे, फडतरे.”

“हो, सर.”

सरांनी घोंगड्यातून एक हात बाहेर काढला, काखेतलं प्लास्टिकचं फोल्डर चाचपलं आणि हात परत आत घेतला. फोल्डरमध्ये एक अर्धं चित्र होतं. उरलेलं अर्धं त्या दारापलीकडे, खोली क्रमांक सहामध्ये होतं. ते बघण्यासाठी हा माणूस निवृत्तीनंतर मिळालेले पैसे घालून, आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढून, वडूजहून इथपर्यंत आला होता.

अर्ध्या चित्राचं सांगायला हवं.

एके काळी आपल्याकडे रशियाची मासिकं यायची. कागद जाड आणि गुळगुळीत. ती वाचण्यासाठी फार कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायला मात्र त्यांच्यासारखा कागद नव्हता. सरांकडे होतं ते अशाच एका मासिकाच्या मधल्या जोडपानाचं उजवं पान. त्याच्या डाव्या कडेला पिनांची दोन भोकं अजून होती. चित्रात बर्फातलं लाकडी घर, पायरीवर लाल रुमाल बांधलेली बाई. एक हात भुवयांवर धरून ती डावीकडे, जरा वर बघतेय. तोंड अर्धवट उघडं. ती हसतेय की रडायच्या बेतात आहे, ते त्या पानावरून ठरवता येत नाही. आणि ती ज्याच्याकडे बघतेय ते सगळं डाव्या पानावर, जे नाही.

सर आमच्या हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होते आणि एकतीस वर्षं नववीच्या वार्षिक परीक्षेत एकच प्रश्न घालत होते. ‘ही बाई कोणाकडे पाहत आहे? उरलेले चित्र पूर्ण करा. गुण १०.’ पेपर फुटण्याची भीती नव्हती, तो फुटलेलाच होता. उत्तरही अख्ख्या गावाला माहीत होतं: सैनिक. लांबून चालत येणारा, पाठीवर पिशवी. सैनिक काढला की दहा. बंदूक भलत्या खांद्यावर गेली तर नऊ. एका मुलानं घाईत सैनिकाला सहा बोटं काढली, त्यालाही आठ पडले.

मी एसटी काढली होती. समोर ‘सातारा-वडूज’ अशी पाटी, दारात लोंबकळणारा कंडक्टर, आणि खाली कोपऱ्यात वेळ: दुपारी ४.

“फडतरे,” सर भर वर्गात म्हणाले होते, “रशियात एसटी असते का?”

“सैनिक तरी कशानं येणार, सर?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या पेपरावर भोपळा काढला. हात न टेकवता, एका दमात काढलेला इतका सुबक गोल मी त्यानंतर पाहिला नाही. वडिलांनी तो बघून मला फटकावलं, पण आधी “हात आहे हं माणसाला,” असं म्हणाले.

पुढे मी डॉक्टर व्हायला रशियात आलो, कारण इथल्या कॉलेजला माझा भोपळा ठाऊक नव्हता. पाचव्या वर्षाला असताना एक दिवस मोबाइलवर सरांनी त्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: ‘सप्रेम नमस्कार. तू तिथे आहेस. हे चित्र कुठे आहे ते शोध. घाई नाही.’ पाच मिनिटांनी दुसरा निरोप: ‘सापडले का?’

मी फोटो इंटरनेटवर रशियन लोकांच्या एका जुन्यापुराण्या चर्चेच्या पानावर टाकला. दोन तासांत कुणीतरी लिहिलं, ‘आमच्या गावची गॅलरी, खोली क्रमांक सहा. शाळेतून नेलं होतं. कंटाळा आला होता.’ गॅलरीच्या वेबसाइटवर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ एवढंच होतं. सरांना मी कळवलं आणि विसरलो. सहा महिन्यांनी पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर ‘रशिया, आठ दिवस’ करत सर मॉस्कोत हजर. मी माझ्या कॉलेजच्या गावाहून त्यांना भेटायला गेलो. सातव्या दिवशी गटातून सुटण्यासाठी त्यांनी टूर मॅनेजरला लेखी अर्ज दिला होता: ‘माझी प्रकृती ठीक असून एक दिवसाची रजा मिळावी.’ मॅनेजरनं तो मंजूर करून सही केली. न करून काय करतो? असा अर्ज त्याला आजवर कुणी दिला नव्हता.

त्या सकाळी रेल्वेत चार तास सर खिडकीबाहेर बघत होते. अधूनमधून सात दिवसांचा रशिया बोलत होते. राजवाड्यात सगळे वर, छताकडे बघत होते, सरांनी खालची लाकडी फरशी बघितली, कारण “नक्षी पायाखाली घालायची म्हणजे केवढा माज, पण काय रेषा आहे रे.” देवळांतल्या जुन्या लाकडी पाटांवरचे संत त्यांना आवडले नव्हते, नंतर आवडले. “ते आपल्याकडे बघतात. आपण त्यांच्याकडे बघायचं नसतंच. हे कळायला मला दोन देवळं लागली.” आणि चर्चचे घुमट पाहिल्यावर आमच्या तालुक्यातला कुठलाही माणूस जे म्हणेल तेच ते म्हणाले. “कांद्याला सोन्याचा भाव इथंच मिळाला बघ.”

फोल्डर मात्र त्यांनी चार तासांत एकदाही उघडलं नव्हतं.

आणि आता हा कागद.

“चल,” सर म्हणाले. “स्टेशनवर बसू. परतीची गाडी किती वाजता?”

“पाच चाळीस.”

“आत्ता बारा वाजलेत.”

“हो, सर.”

तेवढ्यात दार उघडलं. सत्तरीच्या घरातली एक ठेंगणी, रुंद बाई बादली घेऊन बाहेर आली, आमच्या बाजूच्या बर्फावर तिनं काळं पाणी ओतलं आणि आम्ही तिथे नसल्यासारखी परत फिरली. मी रशियनमध्ये विनवणी सुरू केली. मी इथे डॉक्टरीला आहे, हे भारतातून आलेत, उद्या विमान, एकच चित्र, पाच मिनिटं.

“साफसफाईचा दिवस,” ती म्हणाली.

“ते चित्रकलेचे शिक्षक आहेत.”

“मी काय करू? फरशी ओली आहे. लोक बुटांनी येतात. सव्वीस वर्षं मी खोली क्रमांक सहामध्ये बसते, सव्वीस वर्षं बुटांच्या मागे पोतेरं घेऊन फिरते. उद्या दहाला या.”

मी मागे वळून सरांना सांगणार, तर सर पायरीवर खाली वाकलेले. बुटांच्या नाड्या सोडत होते. दोन्ही बूट काढून त्यांनी उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून नीट जोडीनं ठेवले आणि बर्फाच्या पायरीवर मोज्यांवर उभे राहिले.

“सर, हे काय?”

“बाई फरशी पुसतायत. बूट घालून दारात काय उभं राहायचं?”

“आपल्याला आत सोडत नाहीयेत.”

“ते मला कळलं. म्हणून काय झालं?”

बाईनं सरांच्या पायांकडे बघितलं. करड्या मोज्यांतून एक अंगठा बाहेर आला होता. मग बुटांच्या जोडीकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. मी घाईनं माझे बूट काढले.

“बूट आत घ्या,” ती म्हणाली. “बाहेर गोठतील. लाकूड होतं त्यांचं.”

तिचं नाव झोया फ्योदोरोवना. तिकडे मोठ्या माणसाला नाव आणि वडिलांचं नाव अशी जोडहाक मारतात. नुसतं झोया म्हणालो असतो तर परत पायरीवर गेलो असतो. गॅलरी म्हणजे पूर्वीच्या एका व्यापाऱ्याचं दुमजली घर होतं. खोल्यांमागून खोल्या. भिंतींवर नद्या, घोडे, दाढ्या. सर कशाकडेच बघत नव्हते. मोज्यांवर घसरत, तोल सावरत ते दारांवरचे आकडे वाचत होते. तीन. चार. पाच.

सहाव्या खोलीत एका कोपऱ्यात जवळजवळ छताला टेकलेली जुनी भट्टी होती, हिरव्या चकचकीत फरशांची. कधीकाळी तिच्यानं घर तापत असे. तिला साफसफाईची शिडी टेकवलेली. आणि समोरच्या भिंतीवर मधोमध एक फिकट चौकोन. आजूबाजूचा रंग मळलेला, चौकोन तेवढा नवा. खाली पितळी पट्टी: ‘फेब्रुवारी. १९५८. तेलरंग.’

“चित्र कुठे आहे?” मी विचारलं.

“चीनला गेलंय. प्रदर्शनाला. एप्रिलात येईल.”

मी हे सरांना सांगायच्या आधीच ते त्यांना कळलं होतं. रिकामी भिंत कुठल्याही भाषेत रिकामीच असते. ते चौकोनासमोर गेले, फोल्डर उघडलं, आपलं अर्धं पान काढलं आणि चौकोनाच्या उजव्या अंगाला, भिंतीला न टेकवता, हवेत धरून बघितलं. पान तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं.

“फोटो विचार,” ते हळूच म्हणाले. “फोटो असेल एखादा.”

झोया फ्योदोरोवनानं ‘फोटो’ एवढा शब्द बरोबर ओळखला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर कॅमेरा आणि त्यावर लाल काट. छापील यादीत चित्र होतं, पण यादी साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि साहेब सुट्टीवर. फोटो काढायला बंदी होती, आणि ती बंदी गेली सव्वीस वर्षं तिनंच पाळायला लावली होती. एकाही माणसाला तिनं सुटू दिलं नव्हतं. हे सांगताना तिला अभिमान वाटत होता. सांगून झाल्यावर जरा कमी वाटला.

“या माणसाकडे हे कसं?” तिनं सरांच्या हातातलं पान बघून मला विचारलं. “आणि कापलं कुणी?”

मी सरांना विचारलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आम्ही समजत होतो, सापडलं तेव्हा अर्धंच असेल.

सर भिंतीकडे तोंड करूनच बोलले. मी मागून भाषांतर करत होतो, म्हणजे त्यांना माझं तोंड आणि मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते बरं होतं.

“थोरल्या भावानं कापलं. सदाशिव. पलटणीत होता. एकाहत्तरच्या जूनमध्ये सुट्टीवर आला, तेव्हा माझ्या वह्यांना कव्हरं घालून दिली. हे चित्र बघून म्हणाला, हे वहीवर मावत नाही. कात्रीनं मधोमध कापलं. बाईचं पान माझ्या वहीला. दुसरं त्याच्या डायरीला. मी रडायला लागलो, सहावीत होतो. म्हणालो, मला दोन्ही पाहिजेत. तर म्हणाला, तू हे सांभाळ, मी ते सांभाळतो. आलो की जोडू.”

मी रशियनमध्ये सांगितलं. ‘जोडू’ला दोन शब्द वापरावे लागले.

“डिसेंबरात लढाई झाली. मग तार आली, बेपत्ता. मेला असं नाही. बेपत्ता. आई रोज चारच्या गाडीला फाट्यावर जायची. साताऱ्याची गाडी चारला यायची. कपाळावर हात धरून बघायची, ऊन तोंडावर यायचं म्हणून. अकरा वर्षं. आणि मला डावं पान आठवेना. रोज बघितलेलं, तरी आठवेना. सैनिक होता असं मी धरून चाललो. पोरांना विचारायचो, वाटायचं, एखाद्या तरी पोराच्या हातून ते जसंच्या तसं उतरेल आणि मला ओळखू येईल.”

मी थांबलो. भाषांतर करायचं राहून गेलं होतं.

“फडतरे, तू एसटी काढलीस,” सर म्हणाले. “खाली वेळ घातलीस, चार. तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही, सर. आमच्या घरासमोरून चारलाच जायची.”

“हं.”

एवढंच झालं. मी राहिलेलं सगळं झोया फ्योदोरोवनाला सांगितलं, एसटीसकट. एसटी समजावून सांगायला वेळ लागला. ती हातातलं फडकं पिळत होती. त्यातून पाणी यायचं थांबून बराच वेळ झाला होता, तरी पिळत होती. तिनं त्या फिकट चौकोनाकडे बघितलं. मग छताकडे. मग शिडीकडे.

“भाऊ केवढा होता?” तिनं विचारलं. मी सरांना विचारून सांगितलं.

“तेवीस.”

“आणि तू?”

“तेवीस.”

“चढ,” ती म्हणाली.

“कुठे?”

“भट्टीवर. डावीकडे काय आहे ते बघायचंय ना त्यांना? सव्वीस वर्षं मी त्याच्यासमोर बसलेय. मला फोटो कशाला पाहिजे? चढ, डॉक्टर. आणि त्यांना कागद दे.”

सरांनी पिशवीतून चित्रकलेची वही काढली. ती त्यांच्याजवळ असतेच. मी शिडीवरून भट्टीच्या माथ्यावर चढलो. वर बोटभर धूळ होती. साफसफाई अजून तिथवर पोचली नव्हती. सरांनी खालून घोंगडं फेकलं, ते अंथरून बसलो. डोकं छताला लागत होतं. झोया फ्योदोरोवनानं फरशी पुसायचा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हे बर्फ ओढायचं फावडं.

“तू घराच्या छपरावर आहेस,” ती म्हणाली. “बर्फ काढायला चढलायस.”

मग तिनं शिडी धरली आणि एका झटक्यात आडवी केली. शिडी फरशीवर अशी आपटली की पाचव्या खोलीतलं एक घोड्याचं चित्र तिरकं झालं.

“आणि शिडी पडली,” ती म्हणाली. “एवढंच आहे त्यात. तिचा माणूस छपरावर अडकलाय. अर्धा तास झाला हाका मारतोय. ती बाहेर येऊन बघतेय. हसतेय. शिडी लावायची तिला काही घाई नाही.”

मी वरून हे मराठीत सांगितलं. सर वही घेऊन नुसते उभे.

“हसतेय?” त्यांनी विचारलं.

“हसतेय, सर.”

“आणि सैनिक?”

मी विचारलं. झोया फ्योदोरोवनानं मान हलवली. “सैनिक नाही. कुणीही कुठे गेलेलं नाही. तो वर बसलाय. शिडी पडलीय, एवढंच.”

सर कामाला लागले. पुढचा पाऊण तास मी आयुष्यात कधी नव्हतो इतका निरुपयोगी आणि इतका गरजेचा होतो. झोया फ्योदोरोवना खालून हुकूम सोडत होती. पाय लोंबकळू दे. एकच. दांडा डाव्या हातात. नाही, उजव्या. हस. मी हसलो. असा नाही, लाज वाटल्यासारखा. तेही हसलो.

“टोपी होती का?” सरांनी विचारलं.

ती जरा विचारात पडली. “होती. खाली पडली. शिडीबरोबर.”

“कुठल्या बाजूला?”

“इथे,” म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून शिडीजवळ टाकला.

मध्येच ती चहा करायला गेली. शिडी तशीच ठेवून गेली. मी वरून खिडकीबाहेर बघितलं: बर्फ, बर्फावरून चाललेलं एक कुत्रं. मग खाली बघितलं. छताचा दिवा माझ्या बाजूला होता, त्याचा उजेड सरांच्या तोंडावर येत होता. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, एक हात भुवयांवर धरला आणि मान जराशी वर करून माझ्याकडे बघत राहिले. तोंड अर्धवट उघडं. एकतीस वर्षं आम्हाला जे ठरवता आलं नव्हतं, ते मला वरून स्पष्ट दिसत होतं. मी लाज वाटल्यासारखं हसायचं चालू ठेवलं. दुसरं काही करायला शिडी नव्हती.

“काय रे,” सर खालून म्हणाले, “उतरायचंय?”

“घाई नाही, सर.”

“बस मग.”

चित्र झालं. झोया फ्योदोरोवनानं चहाचे पेले खिडकीत ठेवले, चष्मा लावला, वही हातभर लांब धरली आणि बघितली. सर तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. नववीत आम्ही असेच उभे राहायचो.

“तीन,” ती म्हणाली.

सरांना रशियन आकडे दहापर्यंत येत होते. त्यांचा चेहरा उतरला. “तीन?”

“माणूस बरा आहे,” ती म्हणाली. “शिडी वाईट.”

“सर, पाचपैकी,” मी वरून घाईघाईनं सांगितलं. “इथे दहा नसतात. पाचच असतात. तीन म्हणजे पास.”

“आणि पाच कुणाला मिळतात?”

मी तिला विचारलं. “पाच देवाला,” ती म्हणाली, “चार शिक्षकाला. विद्यार्थ्याला तीन.”

सरांनी वही परत घेतली, स्वतःच्या शिडीकडे टीकेच्या नजरेनं बघितलं आणि मान डोलावली. “बरोबर आहे. पायऱ्यांचं अंतर चुकलंय.” मग वही मिटून ते हसायला लागले. मी त्यांना चौदाव्या वर्षापासून ओळखत होतो, पण त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. हसता हसता त्यांनी खिडकीचा आधार घेतला, डोळे पुसले. “म्हणजे बाईचा नवरा छपरावर. आणि मी पोरांना बंदुका काढायला लावल्या. सहा बोटांच्या सैनिकाला आठ दिले रे मी.”

झोया फ्योदोरोवनानं मला काय झालं म्हणून विचारलं. म्हणालो, काही नाही, पास झाल्याचा आनंद आहे.

निघताना सरांनी घोंगडं झटकून, घडी घालून तिच्या हातात दिलं. ती नको म्हणाली, लोकर बोटांत धरून बघितली आणि मग नको म्हणायचं थांबली. दारात आमचे बूट गरम लागले. तिनं ते आतल्या वाफेच्या नळीवर ठेवले होते.

गाडी वेळेवर होती. डब्यात बसल्यावर सरांनी उजवं पान आणि वहीतलं चित्र मांडीवर शेजारी शेजारी ठेवलं. मापं जुळत नव्हती. छप्पर घरापेक्षा दुप्पट मोठं झालं होतं. सरांना त्याचं काही नव्हतं.

“फडतरे,” मॉस्कोच्या अलीकडे ते म्हणाले, “तुझे गुण.”

“कसले, सर?”

“एसटीचे. वाढवून देतोय. तीन.”

“दहापैकी?”

“पाचपैकी. रशियात आहोत ना आपण?”

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी एकटा परत त्या गावी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. बर्फ गेला होता, गॅलरीसमोर बदामी रंगाचा चिखल होता. तिकीट काढलं, बूट काढले, तिकीटवाली म्हणाली बूट घाला, मी घातले नाहीत. सहाव्या खोलीत झोया फ्योदोरोवना खुर्चीवर विणत बसली होती. खुर्चीवर घडी घातलेलं घोंगडं. भिंतीवर ‘फेब्रुवारी’ परत आलं होतं.

चित्र मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. उजवीकडे घर, पायरी, लाल रुमाल, हात. तिथून मी डावीकडे सरकत गेलो. डावीकडे बर्फाचा पांढरा चढ होता. चढावरून वर गेलेला एक रस्ता. रस्त्याच्या कडेनं कुंपण, कुंपणावर एक कावळा.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी जवळ गेलो, मागे आलो, तिरका होऊन उजेडात बघितलं. छप्पर नव्हतं. शिडी नव्हती. कावळ्याशिवाय कुणीही नव्हतं, आणि कावळ्यालाही कुणाची वाट बघायची नसावी.

“झोया फ्योदोरोवना,” मी म्हणालो, “छपरावरचा माणूस?”

तिनं विणकामातून वर बघितलं नाही. एक टाका घातला, दुसरा घातला.

“मे महिना आहे,” ती म्हणाली. “उतरला.”

तेवढ्यात खिशात फोन वाजला. सर होते. मी त्या गावी जाणार हे मीच त्यांना सकाळी कळवून बसलो होतो. असली अक्कल मला नेहमी आधी सुचते.

“पोचलास? आलंय का चित्र?”

“आलंय, सर.”

“शिडी कुठल्या अंगाला आहे? मी डावीकडे पाडलीय.”

मी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. “डावीकडेच आहे, सर.”

“आणि टोपी?”

“शिडीजवळ.”

“वाटलंच मला. एक फोटो काढून पाठव.”

फोन कानाला तसाच धरून मी वळलो. झोया फ्योदोरोवनानं ‘फोटो’ हा शब्द ऐकला होता. तिनं विणायची सुई उचलली आणि भिंतीवरच्या पाटीकडे रोखली. कॅमेरा, त्यावर लाल काट. एखाद्या पाटीच्या पाया पडावंसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

“फोटोला बंदी आहे, सर.”

“कुणी बघत नसेल तेव्हा?”

“त्या बघतायत.”

मागे वडूजच्या स्टँडवर एसटीचा भोंगा वाजल्याचं मला ऐकू आलं.

“राहू दे मग,” ते म्हणाले. “नियम म्हणजे नियम. मी काढलंय की.”

याला आता सहा वर्षं झाली. मी कराडला दवाखाना टाकलाय. सर मधूनमधून गुडघा दाखवायला येतात. चित्र नसलेला कागद ते हातात धरत नाहीत, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही. त्यांच्या बैठकीत दोन्ही पानं एका फ्रेममध्ये लावलीत, मापं न जुळणारी, आणि आल्यागेल्याला ते सांगतात, हा वर अडकलाय, बाकी सगळं ठीक आहे.

गॅलरीच्या वेबसाइटवर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ हे अजूनही आहे. महिन्यातून एकदा मी बघतो आणि निर्धास्त होतो.